चार नंबरच्या बाटलीतलं खाणं

मी पेशी बोलतेय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला कमी लेखायचं काम नाही. एकीच्या दोन, दोघींच्या चार होत मी रियाधच्या एका प्रयोगशाळेत, चार नंबरच्या बाटलीत वाढले. साल २०१३. बाहेर तेलाच्या जोरावर रोज नवी इमारत उठत होती, आणि श्वासाचा एक नवा आजार माणसं नेत होता.

इथं संशोधन करणाऱ्या नाशिकच्या पद्मजाबाईंनी माझ्याकडून त्या आजाराच्या विषाणूची फक्त प्रथिनं करून घेतली. आख्खा विषाणू नाही. पण प्रथिनं महाआगाऊ! माझ्याच घरात मला हुकूम सोडतात. चरबी वाढव, पापुद्रा इकडे वाकव. मग त्याच चरबीचं पांघरूण घेऊन विषाणूसारखे कण बाहेर पडतात. रूप विषाणूचं, आत रिकामे. लशीसाठी बाईंना तेच हवे होते.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना मात्र चरबी म्हणजे घाण. आम्हाला चरबी काढलेलंच खाणं द्यायचं, हा त्यांचा नियम. तीन महिने प्रथिनं डाफरत राहिली. खाण्यातच नसलेली चरबी मी कुठून आणू? कण काही निघेनात. शेवटी साहेबांनी सांगितलं, आठवडाभरात दिसले नाहीत तर काम बंद.

शेवटच्या दिवशी दिसले. माझ्याच बाटलीत! बाकी पाच बाटल्यांत एकही कण नाही. साहेबांनी विचारलं, हिच्यातच का? बाई नोंदवही चाळत राहिल्या. कारण नसेल तर हा योगायोग, साहेब म्हणाले, आणि फाईल उचलून दाराकडे निघाले.

कारण मला ठाऊक होतं, आणि उस्मानला. रत्नागिरीचा हा माणूस आम्हाला खाऊ घालायचा. त्या आठवड्यात घाईत माझ्यात त्यानं साधं, चरबीसकट खाणं ओतलं होतं. आता तो पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होता. मला तोंड असतं तर ओरडले असते.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "चारमध्ये मी चुकून साधं खाणं घातलं. इथं राहायचा परवाना, इकामा जाईल म्हणून बोललो नाही."

बाई गर्रकन त्याच्याकडे वळल्या.

"मी आठवडाभर डोकं फोडतेय, उस्मान, आणि तू आत्ता सांगतोस? साहेबांशी मी बोलते. तू सहा बाटल्या काढ. तिनांत साधं, तिनांत बिनचरबीचं."

त्या साहेबांच्या मागं दाराकडे धावल्या.

पुढच्या खेपेला साध्या खाण्याच्या तिन्ही बाटल्यांत कण आले, बाकीच्या तिनांत नाहीत. काम चालू राहिलं. उस्मानही राहिला.

मी आता थकले, कामाची नाही राहिले. मला संपवून बाटली धुवायला उस्मान ब्लीच घेऊन उभा आहे, पण ओतत नाही. ओत रे बाबा, माझं सगळं देऊन झालं. फक्त एवढं कर, पुन्हा चुकलास तर त्याच दिवशी सांग. आमच्यासारख्यांना तोंड नसतं, तुला आहे.