लोखंडाची फिरकी

"लोखांड शिकूक हैदराबादेक कित्याक जावक व्होया गो? रेडीत काय लोखांड कमी आसा?"

फकरुद्दीनचा हा प्रश्न आठवडाभर चालू होता. तीस वर्षं त्यांनी रेडी बंदरात जहाजांवर लोहखनिज चढवलं होतं. लोखंडाबद्दल शिकण्यासारखं जे काही होतं ते आपल्या सदऱ्यांतून कधीच धुऊन निघालं, असं त्यांचं ठाम मत. लेकीला, तुबाला, लोखंडापासून कायमचे चुंबक बनवण्याच्या संशोधनात जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवला नाही, तर ती हातची जाणार होती.

तिने बापाला समजावून पाहिलं. नुसतं लोखंड म्हणजे लोचट काम, कोणी ओढलं की तिकडे तोंड फिरवतं. चुंबक टिकायचा तर एकच दिशा धरून बसायला हवं. इलेक्ट्रॉनची फिरकी त्याच्या कक्षेला बांधलेली असते आणि कक्षेला आजूबाजूचे अणू जखडून ठेवतात. म्हणजे दिशा ठरवतात ते शेजारी. फकरुद्दीन एव्हाना घोरत होते.

आणि तिथेच तुबाची ट्यूब पेटली. आपण इतके दिवस इलेक्ट्रॉनलाच ढकलत बसलो होतो!

बापाचे शेजारी दोनच. चहाच्या टपरीवरच्या बाकावर रोज उजवीकडे गुरुदास, डावीकडे लवू. बुधवारी सकाळी तिने दोघांना घरी गाठलं, गरीब गाईसारखा चेहरा करून पेढे दिले आणि बाबांनी होकार दिल्याचं बेधडक सांगून टाकलं.

संध्याकाळी फकरुद्दीन बाकावर टेकतात न टेकतात तोच गुरुदास म्हणाले, "चेडवाक एवढ्या लांब धाडतस! मोठ्या मनाचो रे तू!" लवूने तर पाठच थोपटली. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "कळव त्यांका."

पण निघायच्या सकाळी, बाप बॅगेला दोरी आवळत असताना, तुबाचाच धीर सुटला.

"बाबा, मी नाय गेलंय तर चलात?"

फकरुद्दीनने गाठ मारली. "त्या दिवशी माका झोप लागलेली नाय. सगळा आयकलंय."

म्हणजे पेढ्यांचंही बाबांना कळलं होतं!

"माझी फिरकी घेतलंस, शेजारी घट्ट बसवलंस. आता ह्या लोखांड परत वळाचा नाय."

बॅग उचलून ते एसटीच्या वाटेला लागलेसुद्धा. लेकीला डोळे दिसू नयेत म्हणून, एकदाही मागे न वळता.