गाडीखालचा पुठ्ठा

लेक आली की बाबा आधी तिच्या गाडीचं बॉनेट उघडायचे आणि मग तिची विचारपूस करायचे.

"बाबा, मीही आलेय," त्या रविवारी ती म्हणाली.

"तुझं तोंड बघून कळतं. हिच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही."

इंजिनात तेल कमी होतं. बाबांनी लगेच ओतलं नाही. गळतंय कुठून, ते आधी समजायला हवं होतं. गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून दोघं चहाला बसली. तासाभराने पुठ्ठ्यावर एक काळा डाग दिसला, बरोबर तेल काढायच्या बोल्टखाली. वॉशर पार चेपला होता. बाबांनी तेल उतरवून नवा वॉशर बसवला आणि पुन्हा तेल भरलं.

"तुझ्या घराजवळ गॅरेज नाही का गं? एवढ्या लांबून येतेस ती."

"आहे, पण त्यांना काही कळत नाही."

बाबांची मान ताठ झाली. "पुढच्या खेपेला पुठ्ठा परत घालून बघू," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले.

पुढे घर आवरायला आली, तेव्हा तिने गाडी नेहमीच्या जागी लावली. भिंतीशी टेकवलेला पुठ्ठा उलटा करून गाडीखाली सरकवला आणि बाबांच्या स्टुलावर बसून राहिली. तासाभराने वाकून पाहिलं.

"कोरडा आहे, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "आणि माझ्या घराखालचं गॅरेज चांगलं आहे. मी तुम्हाला भेटायला यायचे."