डॉक्टरला सांगितलेलं

संग्रामला दवाखान्यात आणलं तेव्हा श्रुती खाली रिक्षावाल्याशी बोलत होती, तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी, अंजनाबाईंनी, डॉक्टरला गाठलं. पोराच्या छातीत कळ आलेली, आणि डॉक्टर तर मिसरूडही न फुटलेला. त्यानं नीट लक्ष घालावं म्हणून त्या जरा वाढवूनच बोलल्या, "बीपी हाय की त्याला! चार-पाच वर्षं तरी झाली."

खरं म्हणजे मंगळवार पेठेत तालमीनं भरवलेल्या आरोग्य शिबिरात बीपी एकदाच जास्त निघालं होतं. गोळी कधी लागली नाही. पण त्या दिवसापासून आईनं त्याच्या आमटीतलं मीठ निम्मं केलं. तिच्या लेखी तो तेव्हापासून आजारीच. डॉक्टरनं ऐकलं तसं केसपेपरवर उतरवलं.

बायपास ठरली. विमा होता, त्यामुळं श्रुती निर्धास्त. पण कॅशलेसच्या खिडकीवरच्या ओळखीच्या कारकुनानं, पृथ्वीराजनं, नकारार्थी मान हलवली.

"वहिनी, नामंजूर झालं. प्री-एक्झिस्टिंग लावलंय."

"ते आणि काय असतंय रं बाबा?" अंजनाबाई पुढं सरकल्या.

"पॉलिसी काढायच्या आधीपासनंचा आजार, मावशी. तुमची पॉलिसी दोन वर्षांची, केसपेपरवर बीपी त्याच्या आधीचं. फॉर्मात लिहिलं न्हाई, त्याला नॉन-डिस्क्लोजर म्हणतात. लपवलं, असं."

"लपवलं? अरं, मी वरडून सांगितलं की डॉक्टरला!"

पृथ्वीराजनं श्रुतीकडं बघून नजर खाली घातली.

"आधी बीपी नव्हतं, असं डॉक्टरांचं पत्र दिलं तर?" श्रुतीनं विचारलं.

"ते आम्ही जोडलंच की. कंपनी म्हणते, पहिलं सांगितलं तेच खरं. अपील करा, पण त्यात महिने जातात."

ऑपरेशनची तारीख दुसऱ्या पेशंटला गेली. सरकारी योजनेत नंबर लावला, तो पुढच्या महिन्यातला.

बाकड्यावर बसल्यावर अंजनाबाईंनी विचारलं, "म्हंजे मी तोंड उघडलं नसतं तर?"

"तसं काय न्हाय, आई. त्यांना द्यायचंच नव्हतं."

"तुला नीट खोटं बी बोलता येत न्हाय, पोरी."

दुसऱ्या दिवशी बाळाला पाजून, शेजारणीकडं ठेवून श्रुती वॉर्डात आली, तेव्हा तोच पोरसवदा डॉक्टर खाटेपाशी उभा होता. संग्राम औषधाच्या गुंगीत. पहाटेपासून त्याच्याजवळ एकटी आईच.

"आजी, परत दुखलं का त्यांना? धाप लागली?"

अंजनाबाईंच्या मनगटावर कुणीतरी करकचून धरल्याचा लाल वळ होता, बांगड्या कातडीत रुतलेल्या.

"मला काय ठाव न्हाय बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळला. श्रुती त्याला हाक मारायला धावली, तर सासूनं तिचा दंड घट्ट धरला.

"नको गं," त्या कुजबुजल्या. "लिवून घेत्यात ते."