खाटेखालची ठकठक

लातुरात क्लासच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या सरजाबाईनं भुताखेतांना कधी भीक घातली नव्हती. भूकंपात गाव गेलं, पोटची पोर गेली, आता भुतं आणखी काय नेणार, असं ती म्हणायची. पण त्या दुपारी दवाखान्यात नवऱ्याजवळ बसल्या बसल्या तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. खाटेखालून ठकठक येत होती.

वर ग्यानोबा व्हेंटिलेटरवर निपचित पडला होता. निमोनियानं छाती भरलेली, त्यात जुनी शुगर. मशीनवरच्या पेशंटची साखर इन्सुलिननं किती खाली ठेवली तर माणसं जास्त वाचतात, याचा अभ्यास डॉ. धम्मप्रिया करत होती. सरजाबाईला विचारूनच ग्यानोबालाही त्यात घेतलं होतं. त्यानं मशीनशी झगडू नये म्हणून औषध असं दिलेलं, की पापणीसुद्धा हलू नये. मग वाजवत होतं कोण?

सरजाबाईला ते ठाऊक होतं, हीच तर पंचाईत. भूकंपाच्या दिवशी तिची मंकर्णा ढिगाऱ्याखालून अशीच दगडावर दगड आपटत होती. ग्यानोबा एकटाच वेड्यागत उकरत राहिला. पोर कुठली, माती बसायलीय त्येचा आवाज हाय, असं म्हणत चौघांनी त्याला ओढून नेलं. आवाज मात्र दिवस मावळेपर्यंत येत होता.

तिनं धम्मप्रियाला बोलावलं. औषधाच्या पंपाचा आवाज असेल मावशी, म्हणून तिनं समजूत घातली. बोटातून काढलेल्या रक्तात साखर ठीक होती. इकडे ठकठक मंद होत चालली. सरजाबाईनं डॉक्टरचा हातच धरला.

"तवाबी समदे असंच म्हणले व्हते, बाई. माझी लेक वाजवून वाजवून थकली. ह्यो आवाजबी थकायलाय. कायतरी करा."

नाइलाजानं धम्मप्रियानं शिरेतलं रक्त तपासायला पाठवलं. साखर पार तळाला गेली होती! सुजलेल्या बोटातल्या थेंबानं दगा दिला होता, आणि औषधाखालचा माणूस काही सांगूही शकत नव्हता. इन्सुलिन बंद करून तिनं घाईघाईनं ग्लुकोज दिलं. ठकठक थांबली.

लेकीनं बापाला वाचवलं, असं सरजाबाई खानावळीतल्या पोरापोरीला सांगत सुटली. इतक्या वर्षांनी तिच्या काळजाला गारवा मिळाला होता.

पुढं ग्यानोबा सावरला. घशातली नळी काढल्यावर तिनं त्यालाही हौसेनं सगळं सांगितलं. तो परक्या बाईकडं बघावं तसा तिच्याकडं बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"ती मला बोलवायली व्हती. लई उकरलं म्या. एकच दगड राहिला व्हता, सरजे. या खेपेला तू वढलंस मला."