निळ्यातलं पांढरं कडं

“हा गाऊन हिचा नाही,” मुकादम म्हणाले.

“अंगावर गाऊन आहे ना? मग झालं तर!” निवासातली मावशी म्हणाली आणि पाण्याचा जग टेबलावर आपटून पुढच्या खाटेकडे वळली.

गाऊन बायकोला आखूड होत होता. छातीवर कुणाच्या तरी खोकल्याच्या औषधाचा लाल डाग होता. आधी गार पाणी, मग साबण. गरम पाण्यात घातलात की डाग जन्माचा बसला. मुकादमांच्या डोक्यात हे आपोआप आलं, जसं दुसऱ्या कुणाच्या डोक्यात जुनं गाणं येतं. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. आलं ते रंगीबेरंगी, गेलं ते पांढरं. निवृत्त झाले तरी हुद्दा काही अंगावरून उतरला नाही. गल्लीत मुकादम, दुकानात मुकादम, आणि घरात बायकोचा मूड चांगला असला की, “काय मुकादम, आज चहा तुमच्याकडे!”

आता ती त्यांच्याकडे बघत होती. चेहरा प्रसन्न, नजर अनोळखी.

“कपडे न्यायला आलात का?” तिने विचारलं. “आज नाहीत. उद्या या.”

“बरं,” मुकादम म्हणाले.

पहिल्या पहिल्यांदा ते वाद घालायचे. अगं मी, मी आहे, बघ तरी. मग ती घाबरायची. तेव्हापासून त्यांनी ‘बरं’ म्हणायला सुरुवात केली होती. आणि तसं पाहिलं तर ती फार चुकत होती असंही नाही.

घरी सांभाळणं शक्य होतं तोवर त्यांनी सांभाळलं होतं. पण ती दुपारी चपला घालून ‘मला घरी जायचंय’ म्हणून घरातूनच बाहेर पडायला लागली, दोनदा पार हमरस्त्यापर्यंत पोचली, तेव्हा मुलीने दूरच्या शहरातून फोनवर रडत रडत या वृद्धनिवासाचा पत्ता दिला. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी भेटायचं. खोलीत सहा खाटा, सहाही सारख्या, वर पांढरी चादर, पांढरी उशी. बाथरूमला जाऊन परत येताना मुकादमांच्या बायकोला आपली खाट सापडायची नाही. ती मिळेल त्या खाटेवर आडवी व्हायची. बहुतेक वेळा ती शेजारच्या मास्तरीणबाईंची असायची आणि मास्तरीणबाई शाळेतल्याच आवाजात ओरडायच्या, “जागेवर बसा! जागेवर!”

“बाबा, कपड्यांवर मार्करने नाव घाला ना,” मुलगी फोनवर म्हणाली.

“त्या उकळत्या पाण्यात शाई टिकत नाही गं. आणि वाचणार कोण? तिला आता अक्षरं कुठं लागतायत?”

मग मुलीने विचारलं, “तुम्ही जेवलात का?” हा प्रश्न ती बोलण्यासारखं काही उरलं नाही की विचारायची. मुकादमही नेहमी हो म्हणायचे.

त्यांच्या खालच्या मजल्यावर शिवणवाली राहायची. पन्नाशीची, एकटी, तोंडाने फटकळ. शिवणाच्या जोडीला तिने टाय अँड डायचा उद्योग काढला होता. तिच्या दोरीवर उशांचे अभ्रे, पडदे, टेबलक्लॉथ, पोरांचे टीशर्ट वाळत असायचे आणि त्यांवर चक्रं, कडी, ओघळ, काय वाटेल ते. मुकादम त्या दोरीखालून जाताना अंग चोरून जात. पांढऱ्याच्या घाण्यात चुकून एक लाल मोजा आला म्हणून त्यांनी एकदा पाळीतल्या सगळ्यांना उभं करून झापलं होतं. रंग म्हणजे त्यांच्या लेखी चोर.

त्या दिवशी मात्र ते दोरीवरच्या एका अभ्र्यासमोर उभे राहिले.

“काय बघताय मुकादम? डाग नाहीयेत ते. मुद्दाम केलेत.”

“ते कळलं. धुतल्यावर राहतं का हे?”

“राहतं म्हणजे? कापड फाटेल, पण रंग जायचा नाही.”

“उकळत्या पाण्यात?”

शिवणवालीने तोंडातली टाचणी काढली. “कुणाचा अभ्रा रंगवायचाय?”

तिने त्यांना शिकवलं. अभ्र्याच्या मधोमध चिमूट धरायची, उचलायची आणि तिच्या मुळाशी दोरा गुंडाळायचा.

“अजून घट्ट, मुकादम! जिथं घट्ट बांधाल तिथं रंग शिरत नाही. बाकी सगळं निळं होईल, दोऱ्याखालचं तेवढं पांढरं राहील.”

मग रंग, सोडा, आणि रंगवल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर तसंच ठेवायचं. “हे चुकवायचं नाही. आणि नंतर गार पाण्यात खळबळायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हातमोजे घाला आधी.”

“हातमोजे ब्लीचला घालायचे. रंग काय चावतोय?”

“चावत नाही,” शिवणवाली म्हणाली. “पण सोडतही नाही.”

दुसऱ्या दिवशी दोरा कापला, कापड पसरलं, तर गडद निळ्यामध्ये एक पांढरं कडं उमटलं होतं. पोचा आलेल्या ताटलीसारखं, एका बाजूला जरा दबलेलं. मुकादमांनी ते बराच वेळ हातात धरलं. कापडावर काहीतरी नव्याने आलंय आणि ते घालवायचं नाहीये, हा अनुभव त्यांना नवा होता.

रविवारी त्यांनी उशीला तो अभ्रा चढवला. बायको बघत राहिली. तिने कड्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग उशी उचलून छातीशी धरली.

“हे माझं,” ती म्हणाली.

घड्याळ, चष्मा, मुलीचा फोटो, गेल्या कित्येक महिन्यांत तिने कशालाच माझं म्हटलं नव्हतं. ती मास्तरीणबाईंकडे वळली. “हात लावायचा नाही. माझं आहे.”

“नाही लावत, बाई,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “माझी खाट सुटली एकदाची!”

“आणि मी?” मुकादमांनी हळूच विचारलं.

“तुम्ही कपडे न्यायला आलात ना? हे नाही द्यायचं हं. हे राहू दे.”

“बरं,” मुकादम म्हणाले.

अभ्रा निवासातल्या धुण्यातून परत आला, आणि तिच्याच खाटेवर आला. मावशीने स्वतः सांगितलं, बाथरूममधून आता सरळ आपल्या जागेवर जातात, निळं दिसलं की थांबतात. मग मुकादमांना हुरूप आला. चादर, दोन गाऊन, खाटेभोवतीचा पडदा, नॅपकिन. रोज संध्याकाळी ते चिमटी धरून दोरे गुंडाळत बसायचे. एरवी त्या वेळेला टीव्ही लावून समोर झोपी जायचे. जाग यायची तेव्हा भलताच माणूस भलतंच काहीतरी सांगत असायचा. आता हाताला काम होतं. “तू गाऊनची बाही ना? तुला बारीक कडी,” असं ते कापडाशी बोलायचे आणि दार उघडं नाही ना, हे बघायचे.

शनिवारी त्यांनी न्हाणीघरातल्या टबात सगळं एकदम बुडवलं. शिवणवाली बहिणीकडे गेली होती. हातमोजे घातलेच नाहीत. डाव्या हातातली चांदीची अंगठी काढून ठेवायची होती, पण बोट जाड झालेलं, अंगठी हलेना. म्हणाले, राहू दे. रात्रभर गुंडाळून ठेवायला टब भरून प्लास्टिक कुठून आणायचं? आणि सकाळी खळबळायला घेतलं तर पाणी निळंच येत राहिलं. एक बादली, दुसरी, मग मोजणं सोडलं. दुपार टळत आली. भेटीची वेळ चुकली असती.

तेव्हा मुकादमांनी केलं ते त्यांच्याशिवाय कुणी केलं नसतं. त्यांनी इस्त्री काढली. कडक इस्त्रीने सगळं बसतं, हा त्यांचा सगळ्या नोकरीचा अनुभव. बसायच्या त्या सुरकुत्या, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही. रंग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तो टिकवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

रविवारची संध्याकाळ मोठी झोकात गेली. निळ्या चादरीवर, निळ्या पडद्याआड, निळ्या गाऊनमध्ये बायको बसली होती आणि सगळ्या खोलीने मान वळवून बघितलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “थाट आहे एकेकाचा!”

बुधवारी मेट्रनचा फोन आला. “मुकादम, आत्ताच्या आत्ता या.”

धुलाईच्या खोलीत त्यांना काही विचारावं लागलं नाही. दोऱ्यांवर त्यांच्या निळ्याबरोबर धुतलेली मजल्यावरची कापडं वाळत होती. चादरी, अभ्रे, गाऊन, मावशीचा एप्रन, सगळी फिकट निळी. एखाद्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर मुकादमांनी त्याला काय काय ऐकवलं असतं, ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं.

पण खरं झालं होतं ते वर. कालच्या धुण्यातल्या निळसर चादरी खाटांवर घातलेल्या होत्या आणि त्यांची बायको एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरत होती. “हे माझं. हेही माझं. सोडा.” ती चादरी ओढत होती. केस सुटलेले, आवाज बसलेला. मास्तरीणबाई आपल्या चादरीचं टोक मुठीत धरून भिंतीला टेकल्या होत्या आणि रडत होत्या, अगदी लहान मुलीसारख्या.

“रात्रभर कुणाचा डोळा लागलेला नाही,” मेट्रन म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. स्वतः जागून डोळे लाल झालेले. “तुम्ही प्रेमानं केलंत, कळतं मला. पण मला बाकीच्यांचंही बघायचंय. सगळं पांढरं करून द्या आणि यापुढे रंगीत काही आणू नका. नाहीतर यांच्यासाठी दुसरी जागा बघा.”

“सगळं?”

“सगळं. ती उशीसुद्धा. एक निळं दिसलं की पुन्हा सुरू होईल.”

मुकादम घरी जाऊन आपले जुने जाड हातमोजे घेऊन आले. कोपरापर्यंतचे, नोकरीतले. चांदी ब्लीचने काळी पडते म्हणून बोटाला साबण लावून, पिळून पिळून अंगठी काढली आणि खिशात टाकली. मग बाह्या दुमडल्या. दिवसभर ते त्या खोलीत होते. किती पाणी, किती ब्लीच, कधी हलवायचं, कधी नुसतं बघत उभं राहायचं, त्यांना कुणाला विचारायचं नव्हतं. चादरी एकेक करून पांढऱ्या झाल्या. शेवटी त्यांनी अभ्रा घेतला.

तो सगळ्यांत हट्टी निघाला. त्याचा रंग नीट बसला होता ना! निळं हळूहळू आभाळी झालं, मग राखाडी, आणि कडं तेवढं बराच वेळ दिसत राहिलं. मग एकदा त्यांनी कापड वर उचललं तर कडं नव्हतं. ते कुठं गेलं नव्हतं, पांढरंच होतं ते. भोवतीचं निळं गेलं, एवढंच.

संध्याकाळी ते वर गेले. खोली शांत होती. सहा खाटा, सहाही सारख्या. बायको उशी उलटीसुलटी करून बघत होती.

“इथं होतं,” ती म्हणाली. “माझं होतं इथं.”

मुकादम स्टूल ओढून बसले.

“कपडे न्यायला आलात का?”

“नेले,” मुकादम म्हणाले.

ती उशीच्या पांढऱ्यावर बोट फिरवत राहिली. त्यांना ते बघवेना. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. त्यांनी खाटेच्या कडेवर हात टेकला. हातमोज्यांनी ब्लीचपासून राखलेला तो हात अजून शनिवारचाच होता, मनगटापर्यंत निळा, नखं तर शाईत बुडवल्यासारखी. आणि मधल्या बोटावर, अंगठी बसायची तिथं, एक पांढरं कडं. एका बाजूला जरा दबलेलं.

बायकोचं बोट उशीवर थांबलं. तिने तो हात उचलून डोळ्यांजवळ नेला. कड्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. कोणत्याही क्षणी ती म्हणेल, उद्या या.

ती मास्तरीणबाईंकडे वळली. “ह्याला हात लावायचा नाही. हे माझं आहे.”

“घ्या हो, घ्या,” मास्तरीणबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “मला काय करायचाय म्हाताऱ्याचा हात?”

ती आडवी झाली. हात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. हात तिचा होता. हाताच्या वरचा माणूस कोण, हे तिने काही पाहिलं नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मावशी दारात आली, बघितलं आणि दुसऱ्याच खोलीकडे निघून गेली.

अंगठी खिशात होती. मुकादमांनी ती परत घातली नाही.

कातडीवरचा रंग किती टिकतो, हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी तिने तोच हात घेतला, पण दोनदा सोडून परत बघितला. निळं फिकटलं होतं. पुढच्या बुधवारी कडं जवळजवळ गेलं होतं, आणि ती म्हणाली, “आज नाहीत. उद्या या.”

शनिवारी दुपारी मुकादमांनी टबात पाणी घेतलं. रंग कालवला, सोडा मोजून घातला. साबण लावून अंगठी बोटात चढवली आणि मुळापर्यंत दाबली, घट्ट, आत काही शिरणार नाही इतकी. मग पाटावर बसले आणि डावा हात निळ्यात सोडला. टबात कापड नव्हतं.

खिडकीतून वास खाली गेला असावा.

“मुकादम!” शिवणवालीने हाक मारली. “काय रंगवताय आज?”

“काही नाही. आपलं थोडंसं.”

“हातमोजे घातलेत ना?”

“घातलेत,” मुकादम म्हणाले, आणि हात आणखी थोडा आत ढकलला.