राजाची डावी बाजू

थोआचं लग्न एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य म्हणायचं होतं तिच्या होणाऱ्या आजेसासऱ्यांनी.

"तिएपनं राजाच्या मूर्तीसमोर कबूल करावं, की माझी बाजू सरस आहे," तिच्या आजोबांनी, ख्वान मिस्त्रींनी, जाहीर केलं होतं. "मग खुशाल न्या पोरीला."

भांडण तीस वर्षं जुनं. हा राजा म्हणजे गावाचं दैवत. लढाईत जळालेलं त्याचं देऊळ गावानं जुन्याच मापांनी पुन्हा उभं करायला घेतलं, तेव्हा रीतीप्रमाणे काम दोन सुतारांत वाटून दिलं. आढ्याखाली मधोमध पडदा सोडला. डावी अर्धी बाजू ख्वान मिस्त्रींच्या टोळीची, उजवी तिएप मिस्त्रींच्या. पडद्यापलीकडे बघायचं नाही, आणि ज्याचं काम सरस त्याला लाल रेशमाचं ठाण. गावचे म्हातारे तीन दिवस माना वर करून फिरले आणि निकाल काय दिला, तर दोन्ही बाजू सारख्याच! ठाण मधून फाडून वाटलं. ख्वान मिस्त्रींना तो अपमान सोसला नाही. पलीकडच्या कामाकडे ढुंकूनही न बघता ते जे घरी गेले, ते पुन्हा त्या देवळाकडे फिरकले नाहीत. आणि एवढ्या जगात थोआला आवडला कोण? तिएप मिस्त्रींचा नातू क्येन.

तेव्हा आज राजाच्या जत्रेला दोन्ही घरं देवळाच्या ओट्यावर एकाच चटईवर बसली होती. ऊन कोवळं होतं, कौलांची वर वळलेली टोकं चकाकत होती, ढोल वाजत होता आणि उदबत्त्यांच्या धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. थोआला हे सगळं फार आवडलं. नुसतं आजोबांनी हसायला हवं होतं.

"आत चेंगराचेंगरी आहे," आजोबा म्हणाले. "आणि मोतीबिंदूपायी मला तेवढ्या उंचीवरचं ओ की ठो दिसणार नाही. तू जा, डावीकडच्या तुळईचे फोटो काढ. तो ड्रॅगन घे, ढगांतून खाली बघणारा."

थोआ उंच उंबरठा ओलांडून आत गेली. लिम नावाच्या काळसर, टणक लाकडाचे खांब तिच्या कवेत मावेनात. वर फणसाच्या पिवळसर लाकडात ड्रॅगन, ढग, कमळं नुसती दाटली होती. राजाला नमस्कार करून तिनं डावीकडचे फोटो काढले.

आजोबांनी फोन डोळ्यांना टेकेल इतका जवळ धरला आणि बोटांनी चित्र मोठं केलं.

"अरे!" ते म्हणाले. "ही मिशी बघ. एका दमात काढलीय, कुठे पटाशी अडखळलेली नाही. आणि खवले! पोरी, मी इतकं चांगलं केलं होतं हे मीच विसरलो होतो गं." त्यांचा आवाज ओला झाला. "तिएप, बघ! बघ आणि बोल आता!"

तिएप मिस्त्रींनी फोन हातात घेतला. त्यांची बायकोही डोकावली.

"अगंबाई, अहो, हे तर आपलं—"

"तू पान खा," तिएप मिस्त्रींनी विड्याची पुडी तिच्या हातात कोंबली. मग ते ख्वान मिस्त्रींकडे वळले. डोळे भरलेले, पण ओठ हसू दाबत होते. "दादा, कबूल. राजाच्या शपथेवर सांगतो, या बाजूसारखं काम दुसरीकडे नाही."

चटईवर एकच गिल्ला झाला. क्येनच्या हातून चहाची किटली लवंडली. कुणी केळीच्या पानात बांधलेला भात सोडला, कुणी मुहूर्त विचारू लागलं.

थोआचं लक्ष मात्र उघड्या दारातून आत गेलं. राजा तोंड बाहेर करून बसला होता. त्याचा डावा हात तिच्या उजवीकडे होता! सुतार डावी-उजवी म्हणतात ती राजाची, भक्ताची नव्हे. हे लहानपणापासून ऐकलेलं ती नेमकं आज विसरली होती. गप्प बसलं तर लग्न ठरलंच होतं. पण आजोबा मरेपर्यंत दुसऱ्याच्या हातावर फुशारकी मारत राहणार, आणि त्यांच्या पाठीमागे सगळं सासर हसणार. ते तिला सहन झालं नसतं.

"आजोबा, मी चुकले," ती म्हणाली. "मी माझी डावी घेतली. राजाची नाही."

क्येननं कपाळाला हात लावला.

आजोबा उठले. कुणाचा हात न धरता उंबरठा ओलांडून फोटोतल्या तुळईखाली उभे राहिले आणि डोळे बारीक करून वर बघत राहिले. सगळे मागे गोळा झाले.

"तीस वर्षं इकडे बघितलं नाही," ते अखेर म्हणाले. "माझंच नुकसान. तिएप, असा मिशीचा वळसा तुला सापडला कुठे?"

तिएप मिस्त्री खाली बघत म्हणाले, "तुमच्याकडेच, दादा. तुमची माणसं दुपारी जेवून लवंडली की मी पडदा उचलून बघायचो."

"एकदा?"

"रोज. आठ महिने."

ख्वान मिस्त्री लालबुंद झाले. "चोरा!" ते असे गरजले की पुढच्या बायकांच्या हातातल्या उदबत्त्या हलल्या. मग त्यांचं पोट गदगदू लागलं, खांदे हलू लागले, आणि त्यांनी तिएप मिस्त्रींच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

"माझा हात नेलास, तो निदान नीट सांभाळलास!" ते हसत, रडत म्हणाले. "ने, आता नातही ने!"