सरूआत्यांचा श्रावण

"तुमी जेवल्यात, बयाबाई. कहाणीला उपाशी माणूस लागतंय," सरूआत्या माझ्या सासूबाईंना म्हणाल्या आणि तांदळाचे चार दाणे माझ्या मुठीत कोंबून उंबऱ्यावर बसल्या. "तुमच्या सुनेइतकं उपाशी गावात दुसरं कोण हाय?"

मी भाताच्या पोत्यांकडे तोंड करून पडले होते. अकरा दिवसांची लेक गेल्याला तीन महिने झाले होते. मंचरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या सासूबाई वेळेवर घशाखाली घालायच्या. हे मंचरलाच आडत्याकडे कामाला. शनिवारच्या एसटीने तळेघरला यायचे, माझ्याशी बोलून बघायचे आणि रविवारी परत जायचे. मी बोलणंच टाकलं होतं. ताटातलं अन्न तसंच वाळून जायचं.

सरूआत्या शेजारच्या. एकट्याच. दोन भातखाचरं आणि उतारावर थोडी नाचणी. श्रावणभर रोज कहाणी सांगायचा त्यांचा नेम होता. ऐकणारीने "हं" म्हटल्याशिवाय त्या घास घेत नसत, आणि मग ऐकणारीनेही त्यांच्यासोबत दोन घास खायचे.

पहिल्या दिवशी मी "हं" म्हटलं नाही. त्या दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या, मग पाणी पिऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

"सरूबाई, मरशील की गं," सासूबाई म्हणाल्या. "देवाला सांग तुझी कहाणी. त्यो ऐकत न्हाई का?"

"ऐकतो की. पर त्याला हं म्हणता येत न्हाई. त्येवढ्यासाठी माणूस लागतंय."

तिसऱ्या दिवशी सांगता सांगता त्यांचा आवाज बसला आणि त्या भिंतीला टेकल्या. मला त्यांचा राग आला. माझ्यापायी अजून एक जीव जायला नको, एवढंच मनात आलं, आणि मी "हं" म्हटलं.

आत्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "बयाबाई, दोन पानं वाढा," म्हणाल्या.

मग हे रोजचंच झालं. कहाण्या सगळ्या त्यांच्याच मनच्या. राजावर रुसलेली राणी सरळ घोडेगावची एसटी धरायची.

"आन् राणीला गाडीत वकारी झाली," त्या एकदा म्हणाल्या.

"राणीला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग? घाट हाय त्यो. राणी बसली म्हणून वळणं सरळ व्हत्यात का?"

चुलीपाशी सासूबाईंचा हात थांबला. मी आपण होऊन बोलले होते.

एके दिवशी कहाणीतल्या बाईचं मूल गेलं आणि आत्या थांबल्या. त्यांचीही दोन गेली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"ह्याच्या फुडं मला येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तूच सांग, आरती."

मग आई दळताना म्हणायची त्या चालीवर, कुठून कोण जाणे, ओठांवर आलं:

रिकामा पाळणा, दोरी हातात ऱ्हायली
गेलेली माझी लेक खाचरात पाह्यली

"हं," आत्या म्हणाल्या.

लेक गेल्यापासून मी पहिल्यांदाच रडले. त्या दाणे मुठीत धरून तशाच बसून राहिल्या.

पुढे रोज एखादी ओवी सुचू लागली. गोळ्याही चालू होत्या. हळूहळू दिवस-वार कळू लागले, आणि एका दुपारी माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

"आत्या, कार्तिक निम्मा झाला. तुमचा नेम तर श्रावणाचा ना?"

त्या भाकरी मोडत होत्या. "मला कुणी सांगितलंच न्हाई बाई."

"मीबी न्हाई सांगितलं," सासूबाई चुलीकडे बघतच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या नाहीत. मी दोन पानं मांडून वाट बघत होते.

"वरच्या वाडीत लंकाबाईनं अन्न टाकलंय," सासूबाई हलकेच म्हणाल्या. "नवरा गेल्यापासनं."

मी अंगणात आले. आत्या वाडीची चढण चढत होत्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याची मूठ मिटलेली. हाक मारावी असं फार वाटलं. पण त्यांचं पोट रिकामं, पाऊलवाट उभी. वळून थांबल्या असत्या तर पुन्हा निघताना दम लागला असता.

मी आत आले, एक पान उचलून ठेवलं आणि जेवायला बसले.